भीमेचा उतार

मला जीप चालवता येईल की नाही, हा प्रश्न आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना पडला होता. मला पडायचं कारणच नव्हतं. अकरा वर्षं मी शिरूर तालुक्याच्या धुळीतून मोटरसायकल पिदडली होती. मागे कॅरियरला औषधांची पेटी आणि पुढे टाकीवर दोरखंडांची पिशवी. गुरांची डॉक्टर बाईमाणूस, तीही मोटरसायकलवर, हे बघून सुरुवातीला लोक हातातला चहा प्यायचं विसरायचे. पुढे सवय झाली. गाय अडलेली असली की डॉक्टर बाई आहे का बाप्या, हे बघायला कुणाला सवड नसते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रांजणगावला नवे कारखाने उभे राहत होते. तिथल्या एका इंजिनीअरसाहेबांची बदली झाली आणि त्यांची गाडी विकायला निघाली. आमच्याकडे उंच, दणकट, मागे दार असलेली कुठलीही गाडी म्हणजे जीप. कंपनीनं तिचं बारसं काय केलंय याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. जीप पाच वर्षं वापरलेली होती, पण वापर म्हणजे काय, घर ते कारखाना आणि रविवारी देवदर्शन. साहेबांनी तिच्यात पदरच्या अशा दोनच गोष्टी घातल्या होत्या, एक टेप आणि सीटांना लाल मखमली कव्हरं. बाकी ती कंपनीतून आली तशीच होती. टायर साधे रस्त्याचे, तेही निम्मे झिजलेले. गिअरच्या शेजारी एक छोटी दांडी होती. ती कशाची म्हणून मी विचारलं, तर साहेब म्हणाले, "ती फोर बाय फोरची, चारही चाकांना जोर द्यायची. पाच वर्षांत तिला हात लावायची वेळ आली नाही." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. मी मात्र गाडी त्या दांडीसाठीच घेत होते.

माझा नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि घरातही प्रत्येक गोष्ट पायरीपायरीनं मांडायचा. "निदान महिनाभर डांबरी सोडू नकोस," तो म्हणाला.

"डांबरीवर जायला मोटरसायकल होती की," मी म्हटलं.

गॅरेजवाल्यानंही न विचारता दोन शब्द सांगितले. वाळूत रुतलात तर चाकांची हवा कमी करायची आणि ॲक्सिलेटर दाबत बसायचं नाही. मी मान हलवली. अशी मान मी दिवसातून बरेचदा हलवायचे, आणि समोरच्याला वाटायचं की मी ऐकतेय.

तिसऱ्या आठवड्यात, मे महिन्यातल्या एका सकाळी फोन आला. दौंड तालुक्यातल्या, भीमेच्या अगदी काठावरच्या एका वस्तीतून एक सून बोलत होती. दूध डेअरीवर धावत येऊन तिनं फोन लावला होता, तिला धाप लागलेली. "डॉक्टरबाई, कालवड पहाटंपासून कळा देती. तोंड दिसतंय, एक पाय दिसतोय. दुसरा न्हाई."

मी तिला ओळखत होते. ती वस्ती धनगरांची. आजेसासऱ्यापासून मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ फिरणारं घर. नदीला बारमाही पाणी आलं तसा थोडा ऊस, थोडा कांदा लावून ते एका जागी राहायला लागलं होतं, तरी सासऱ्याचं मन काही त्यात रमलं नव्हतं. या सुनेनं माहेराहून आठ दिवसांची संकरित कालवड आणली, बाटलीनं दूध पाजून वाढवली. दर दोन महिन्यांनी ती बसनं शिरूरला यायची आणि मला प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून न्यायची. सासरा म्हणायचा, मेंढरं राखलेल्या घरात गाय टिकत नाही. घरात ठरलं होतं ते असं: ही गाय व्याली आणि दुधाला लागली, तर दुसरी आणायची आणि वस्तीवरच राहायचं. नाही लागली, तर दिवाळीनंतर पुन्हा मेंढरं घेऊन निघायचं. तिची मुलगी तेव्हा तिसरीत होती. मेंढरांमागे निघालेल्या घराची पोर चौथीत जात नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं, फार काही न रडता.

"पाणंदीनं येऊ नगा," ती फोनवर म्हणाली. पुलावरून येणारी उसातली वाट पाटाचं पाणी फुटून चिखल झाली होती, आदल्या दिवशी दुधाचा टेम्पोसुद्धा तिथं फसला होता. "न्हावऱ्याच्या अंगानं नदीला या. आमचं मामा पलीकडं उभं ऱ्हातील. उतार दावतील."

मामा म्हणजे तिचा सासरा. उतार काय दाखवायचा, मला डोळे आहेत, असं मनात म्हणत मी फोन ठेवला. "नदीतून जाणारेस?" नवऱ्यानं विचारलं. "मग जीप कशाला घेतलीय?" मी म्हटलं, आणि निघाले.

न्हावऱ्याच्या पुढे डांबरी सोडली आणि पहिल्यांदा ती जीप मातीवर घातली. सांगायला हरकत नाही, मला भलताच आनंद झाला. मोटरसायकलवर ज्या चाकोऱ्यांतून मी दोन्ही पाय खाली सोडून, जीव मुठीत धरून जायचे, त्या ही गाडी नुसती हिंदकळत पार करत होती. बाभळीच्या फांद्या काचेवर आपटत होत्या, पेटीतल्या बाटल्या वाजत होत्या, आणि मी एकटीच मोठ्यानं हसत होते. अडलेल्या जनावराकडे निघालेल्या डॉक्टरला हे शोभत नाही, पण हसत होते खरं.

नदीच्या दरडीवर थांबले. उन्हाळ्यामुळे पात्र मोकळं पडलं होतं. मधे पाण्याचे दोन पट्टे, बाकी वाळू आणि गोटे. पलीकडे, बरंच वरच्या अंगाला, लाल मुंडासं आणि खांद्यावर काळं घोंगडं असलेला म्हातारा काठी उंच करून ओरडत होता. काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारींच्या घरघरीतून एवढंच ऐकू आलं, "उतारानं या! बाई, उतारानं!"

माझ्या समोरच उतार होता. असा तसा नाही, चांगला रुंद, दाबून बसलेला, वाळूच्या ट्रकांनी पाडलेला. मी हात वर करून ऐकल्याची खूण केली. म्हातारा आणखी जोरानं काठी हलवायला लागला. मला वाटलं, शाबासकी देतोय. छोटी दांडी खेचली आणि गाडी खाली घातली.

उतार संपला तिथं वाळू उपसून केलेला खड्डा होता. वरून दिसत नव्हता, कारण त्यावर वाळूचा पातळ थर बसला होता आणि खाली गाळ. पुढची चाकं गेली, मग मागची. मी ॲक्सिलेटर दाबला. चारही चाकं फिरली, चारही बाजूंनी गाळ उडाला आणि गाडी वीतभर खाली बसली. आणखी दाबला, आणखी बसली. पंधरा-वीस मिनिटं मी हाच उद्योग केला. मागे-पुढे, मागे-पुढे, दात आवळून. शेवटी दार उघडायला गेले तर ते गाळात अडकलं. खिडकीतून उतरले.

तोवर म्हातारा नदी ओलांडून माझ्यापाशी आला होता. धोतर गुडघ्यापर्यंतच ओलं. दम लागलेला नाही, घाई दिसत नव्हती, पण डोळे माझ्यावर रोखलेले.

"उतारानं या म्हणलो न्हवं मी?"

"उतारानंच आले की, आबा! हा उतार नाही तर काय चढ आहे?"

तो क्षणभर माझ्याकडे, मग जीपकडे, मग त्या ट्रकच्या वाटेकडे बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. "अगं बाई," तो म्हणाला, "ही घसरगुंडी हाय. उतार म्हंजी नदी उतरायची जागा. जिथनं मेंढरू न पवता चालत पल्याड जातं. तो बघा उतार, मी आलो तिथनं." आणि त्यानं काठीनं वरच्या अंगाची जागा दाखवली. तिथं पाण्याखालचे गोटे इथूनही दिसत होते.

मी शिरूरच्या बाजारपेठेत वाढले. आमच्या घोडनदीवर पूल आहे. पूल असलेल्या गावाला तसा उतार लागत नाही, आणि लागत नाही तो शब्दही तोंडातून जातो. एवढं शिकले, पदव्या घेतल्या, आणि माझ्याच भाषेतला एक साधा शब्द मला दगा देऊन गेला. मला स्वतःचा राग आला, आणि माझी खोड अशी की स्वतःचा राग आला की मी दुसऱ्यावर चिडते. "नीट सांगायचं ना मग!" मी म्हटलं.

"पेटी घ्या बाई," तो म्हणाला. "चालत जाऊ. अर्ध्या तासाची वाट हाय."

इथं मी चूक केली. खड्ड्यात जाणं ही चूक नव्हती, ती गफलत होती. चूक ही, की मी म्हटलं, "दहा मिनिटं, आबा. निघेल ती."

मला ती जीप तिथं सोडायची नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली, मी हट्टानं घेतलेली, डांबरी सोडल्याच्या पहिल्याच दिवशी नदीत रुतलेली. घरी जाऊन काय सांगणार होते मी? कालवड डोळ्यांसमोर होती, नव्हती असं नाही, पण जीप जास्त जवळ होती.

गॅरेजवाल्याचे शब्द तेव्हा आठवले. चारही चाकांची हवा निम्म्यावर सोडली. पेटीतल्या स्टीलच्या ट्रेनं चाकांपुढचा गाळ उपसला. म्हाताऱ्यानं बाभळीचे डहाळे तोडून आणले, ते चाकांखाली घातले. गाडी हातभर सरली आणि पुन्हा बसली. दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. म्हाताऱ्यानं एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा वस्तीच्या दिशेला. मग खांद्यावरचं घोंगडं काढलं, दुहेरी केलं आणि मागच्या चाकाखाली अंथरायला लागला.

"आबा, घोंगडं नको!" मी ओरडले. धनगराच्या घोंगड्यावर चप्पल घालून कुणी पाय देत नाही. त्यावर देव मांडतात, त्यावर हात ठेवून शपथ घेतात. हे मला ठाऊक होतं. अकरा वर्षं त्यांच्याच वाड्या-वस्त्यांवर मी त्या घोंगड्यावर बसून भाकरी खाल्ली होती.

"चढवा गाडी," तो म्हणाला. "सून एकलीच हाय तिथं."

मी चढवली. हळू, सगळ्यात लहान गिअरमध्ये, ॲक्सिलेटरवर नुसतं बोट ठेवावं तसा पाय ठेवून. चाक घोंगड्यावर आलं, धरलं, आणि जीप मागे सरकत सरकत कडक जागी आली. एवढ्या सगळ्या खटाटोपात सव्वा तास गेला होता. घोंगड्याच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यानं त्या गोळा करून पिळल्या आणि मागच्या सीटखाली ठेवल्या. मखमल खराब होईल म्हणून सीटवर ठेवल्या नाहीत.

मग तो उतारावर माझ्या पुढे चालत राहिला, मी मागून जीप घेतली. "सरळ न्हाई, तिरकं. वरल्या अंगाला तोंड ठेवा. थांबू नगा." पाण्याखाली गोट्यांचा कडक पट्टा होता, तिरपा, जीपपेक्षा थोडा रुंद. पाणी चाकांच्या मध्यापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. जीपनं काही कुरकुर केली नाही. पाच मिनिटांत आम्ही दौंड तालुक्यात होतो.

वस्तीवर सून गोठ्यात कालवडीच्या मागे गुडघ्यांवर बसली होती, हात कोपरापर्यंत माखलेले. मला बघून बाजूला झाली. मी हात धुऊन आत घातला. दुसरा पाय गुडघ्यात मागे दुमडलेला होता. वासराला आत ढकललं, खूर मुठीत धरून पाय पुढे घेतला, दोरखंड बांधला. हे मला येतं. सांगायला लाज कसली, आमच्या भागात हे माझ्याइतकं चांगलं कुणाला येत नव्हतं. वीस मिनिटांत वासरू बाहेर आलं. कालवडच होती, काळी-पांढरी, भरलेली. जीभ निळी पडलेली. डोळ्याला बोट लावलं, पापणी हलली नाही. तरी मी उलटी धरली, छाती चोळली, नाकात काडी घातली. काही झालं नाही.

"कवा गेली?" सुनेनं विचारलं.

"तासाभरात," मी म्हटलं. अंग अजून गरम होतं.

म्हातारा मागून पटकन म्हणाला, "नदीला पाणी वाढलं हुतं. बाईंना थांबावं लागलं."

ज्यानं घोंगडं चाकाखाली घातलं त्यानं वर माझ्यासाठी खोटंही बोलावं, हे मला सहन झालं नाही. "पाणी वाढलं नव्हतं," मी म्हटलं. "मी चुकीच्या जागी गाडी घातली. मग आबा चालत चला म्हणाले, ते मी ऐकलं नाही. गाडी काढत बसले. चालत आले असते तर बहुतेक जिवंत काढली असती."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही. "मी इथं तिच्या कानात बोलत हुते," ती म्हणाली, "बाई येत्यात, बाई येत्यात म्हणून. आन् तुम्ही गाडी काढत हुतात."

रडू आलं, ते मी दोरखंड धुण्याच्या निमित्तानं पाठ फिरवून आवरलं.

आणि संकट संपलं नव्हतं. गाय उठेना. इतका वेळ अडलेलं वासरू आतल्या नसेवर दाबून बसलं होतं, मागच्या पायांत जोरच राहिला नव्हता. अशी गाय चार-पाच दिवसांत उठली तर उठली. एकाच कुशीवर पडून राहिली तर गेली. खाली मऊ पाचट अंथरायचं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, पाय चोळायचे, इंजेक्शनं द्यायची. सुनेनं सगळं वहीत लिहून घेतलं. माझ्याशी त्याउपर एक शब्द बोलली नाही.

घरी आले तेव्हा नवरा गाळानं माखलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला. तो काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, "उद्या परत जायचंय. नदीतूनच." त्यानं विहिरीवरून पाण्याच्या बादल्या आणून दिल्या.

दुसऱ्या दिवशी पलीकडे कुणी उभं नव्हतं. मी दरडीवर गाडी थांबवली, खाली उतरले, चप्पल काढून उतारावरून आधी एकदा चालत जाऊन आले. गोटे पायाला लागले की मनात नकाशा बसतो. मग हवा कमी केली, तिरकी घातली, वरच्या अंगाला तोंड ठेवून, न थांबता. तिसऱ्या दिवशी चालत बघायची गरज वाटली नाही. चौथ्या दिवशी मी पाण्यात असताना काठावरच्या बायका धुणं थांबवून बघत होत्या, आणि मला ते आवडलं. माझ्यातली मिजास एवढ्यानं जाणारी नव्हती. पण वस्तीवर पोचल्यावर गाय बसलेली दिसायची, सून तिचे पाय चोळत असायची, आणि मी मुकाट्यानं दुसऱ्या बाजूला बसून चोळायला लागायचे. म्हातारा दर वेळी कूस बदलायला हात लावायचा. गाय टिकत नाही असं म्हणणारा तोच, पण आता तिच्या तोंडाशी ओला चारा स्वतःच्या हातानं धरायचा.

पाचव्या दिवशी माझा धीर सुटत आला. गायीच्या मागच्या मांडीला जखम पडायला लागली होती. आज नाही उठली तर खरं ते सांगून टाकायचं, असं मी वाटेत ठरवलं.

गोठ्यात शिरले तर तिघं जण एका ओळीत उभी होती, सून, सासरा आणि शाळेला सुट्टी असलेली ती मुलगी. गायीनं पुढचे गुडघे टेकले होते आणि मागचा भाग उचलायची धडपड चालली होती. मी धावत शेपटीपाशी गेले, म्हाताऱ्यानं पोटाखालून पोतं घातलं, एक टोक त्याच्याकडे, एक सुनेकडे. गाय थरथरली, अर्धी उठली, कलंडली. पुन्हा उठली. मागचे पाय फाकवून, सगळं अंग हलवत ती उभी राहिली आणि उभीच राहिली. आम्ही पोतं सोडलं तरी उभी होती. मुलगी टाळ्या वाजवणार होती, आजोबानं तिचा हात धरला.

सुनेनं गायीच्या पाठीवरून मानेपर्यंत हात फिरवला. मग खाली बसून पहिली धार जमिनीवर सोडली, दुसरी बादलीत. चीक जाऊन चांगलं पांढरं दूध येत होतं. बराच वेळ नुसता धारांचा आवाज येत राहिला. ती उठली, बादली मुलीच्या हातात दिली, पदराला हात पुसले आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"उद्यापासून येऊ नगा. आता मी बघते."

मी पेटी बंद केली. जीपपाशी गेले तर ती मागे आली होती.

"दुसऱ्या वेताला तुम्हालाच फोन करणार," ती म्हणाली. "दुसरं कुणी चालायचं न्हाई मला. पण चालत यायची येळ आली, तर चालत या."

"येईन," मी म्हटलं.